नाव न सांगता गेलेल्यांचे आभार

ऑगस्ट 2019. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. त्या आठवड्यात पाणी 57 फुटांच्या वर गेलं. मी आणि आई माळ्यावर, एक पाव आणि अर्धी बाटली पाणी. दुसऱ्या दिवशी तीन पोरं ट्रकच्या ट्यूबांवर फळी बांधून आली. आईला खुर्चीसकट उचललं. “आज्जी, डोळे मिटू नका, गंमत बघा!” असं म्हणणारा काळ्या टी-शर्टातला पोरगा अजून आठवतो.

मिरजेत एका मावशींनी पिठलं-भाकरी दिली. आईच्या गळ्यातला क्रूस त्यांना दिसला. काही न बोलता त्यांनी वर आणखी एक भाकरी ठेवली.

बायबलमधला चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लूक, अध्याय 10) लहानपणापासून ऐकतोय. लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या माणसाला परक्या जमातीचा एक वाटसरू, म्हणजे शोमरोनी, उचलून नेतो, ती गोष्ट. मदत करणाऱ्याचं नाव त्यातही नाही. पण खरं सांगू? मी कायम स्वतःला त्या शोमरोन्याच्या जागी बघायचो. वाटेत पडलेल्या माणसाच्या जागी कधीच नाही.

पोरांनो, मावशी, मनापासून आभार. मावशी, तुमचा डबा आमच्याकडेच राहिलाय. रिकामा कसा द्यायचा, म्हणून आई दर नाताळला त्यात करंज्या भरते. मग शेजारी वाटून टाकते.