फितीपलीकडचे मास्तर

सांत कुगात, डिसेंबर २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

प्रकृतीचे आधी उरकतो. माझा रक्तदाब गोळीच्या धाकात आहे, हिची टाच थंडीत दुखते आणि ऊन पडले की विसरते. बाकी क्षेम. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो, कारण येथे ते कोणाला सांगण्याची सोय नाही, आणि घरी सांगितले तर "तुम्हाला काय करायचंय?" एवढ्यावर विषय संपतो.

आमचे कोल्सेरोलाचे जंगल बंद झाले आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस बेयातेर्राला, विद्यापीठाच्या बाजूला, दोन रानडुकरे मेलेली सापडली आणि तपासणीत आफ्रिकन स्वाइन फीव्हर निघाला. स्पेनमध्ये १९९४ नंतर हा रोग प्रथमच आला आहे. माणसाला त्याची बाधा होत नाही, परंतु डुकराला झाला तर बहुधा ते वाचत नाही, आणि रोगाचा विषाणू मांसात, रक्तात आणि चिखलातही चिवटपणे टिकून राहतो. त्यामुळे सापडलेल्या जागेभोवती सहा किलोमीटरच्या परिसरात रानात पाऊल ठेवायचे नाही, असा हुकूम निघाला. लष्कराची आपत्कालीन तुकडी आली, ड्रोन फिरू लागले, सापळे लागले. वराहाने एकदा बुडालेली पृथ्वी वर काढली होती म्हणतात. येथे त्याच्या वंशजांनी मेल्यावर आख्खा डोंगर कुलूपबंद केला आहे.

तू येऊन गेला आहेस म्हणून तुला कळेल की काय बंद झाले आहे. आठ हजार हेक्टरांहून मोठे उद्यान, त्याच्या एका अंगाला समुद्रापर्यंत पसरलेले बार्सेलोना, दुसऱ्या अंगाला आम्ही, आणि मध्ये ती धुळीची वाट. घरातून निघून दहा मिनिटांत पी देन शांद्रीच्या झाडाखाली पोचायचे, कुबड्या लावून उभ्या असलेल्या त्या पाइनला तू हात जोडले होतेस आणि माझ्या येथल्या सायकलसोबत्याला, मास्तरांना, वाटले होते की तू ख्रिस्ती आहेस. तेथून कान बोरेलवरून सांत मेदिरच्या देवळापर्यंत सपाट, आणि पुढे होल्म ओकच्या सावलीतून तो चढ, जेथे तू तीनदा "दम खायला" थांबलास आणि तिन्ही वेळा फोटो काढायचा असल्याचे सांगितलेस. आमची ही उत्तरेकडची बाजू ओलसर, म्हणून तेथे ओक. माथा ओलांडला की दक्षिणेची उन्हाची बाजू, तेथे अलेप्पो पाइन, आणि मग पलीकडे तो कार्रेतेरा दे लेस आइग्वेस. पाण्याची नळवाहिनी जेथून गेली त्याच पातळीवरून आखलेला रस्ता असल्यामुळे त्याला चढउतार जवळजवळ नाहीच, आणि डाव्या हाताला किंवा उजव्या, जसा जाशील तसे, सारे शहर पायाखाली. तेव्हा तू म्हणाला होतास की पुण्यात असे काही असते तर आपण नोकरीच केली नसती. आपण केली नसती हे खरे नाही, पण म्हणालास.

या दिवसांत त्या वाटेच्या कडेला आर्बुतुसची झुडपे फुलतात. गेल्या वर्षीची लाल फळे आणि यंदाची पांढरी फुले एकाच फांदीवर एकाच वेळी असतात, कारण त्या फळाला पिकायला वर्ष लागते. यंदा ती आम्हाला दिसणार नाहीत. आता खरा प्रश्न तोच आहे की "आम्हाला" म्हणजे नक्की कोणाला, कारण मास्तर ती पाहून आले आहेत.

फीत लावली आहे, सूचनेचा फलक लावला आहे, आणि मास्तर दर बुधवारी पहाटे तिच्याखालून सायकल सरकवून आत जातात. मला त्यांनी स्वतःच सांगितले, जणू दूध आणायला गेल्याचे सांगावे. सत्तरी उलटलेला माणूस, त्या डोंगरातील प्रत्येक झरा त्याला ठाऊक. वाट तीन मीटरांपेक्षा अरुंद असली की सायकल नको आणि वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत, हा उद्यानाचा नियम तोच आपल्याला घोकून घ्यायला लावत होता, आठवते ना, तुझ्यावर घंटी वाजवून? आणि आता हे. मी विचारले तर म्हणाले, "रानडुकरे आमच्या गल्लीतल्या कचरापेटीपर्यंत येतात, ती कोणाची परवानगी घेतात? माझ्या दोन चाकांनी काय बिघडणार?"

त्या दोन चाकांचीच मला धास्ती आहे, सुहास. पाऊस पडून गेला की या बाजूची माती कशी चिकटते ते तुला ठाऊक आहे. चाळीस मिलिमीटरच्या टायरवर, फोर्कच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या कॅलिपरभोवती, बुटाच्या तळव्यातल्या खाचांत ती बसते, आणि मास्तर सायकल धूत नाहीत. धुळीची सायकल हीच खरी सायकल, असे त्यांचे म्हणणे, आणि ते तुला पटले होते, हे मी विसरलेलो नाही. तेच बूट घालून ते रविवारी विक या गावी बहिणीच्या घरी जेवायला जातात. बहिणीच्या मुलाचा डुकरांचा गोठा आहे. विकच्या आसपासचा सारा मुलूखच या धंद्यावर उभा आहे. एका गोठ्यात रोग शिरला तर त्यातली सारी जनावरे मारावी लागतात, आणि अनेक देशांनी आधीच स्पेनच्या मांसाची आयात थांबवली आहे. मास्तरांना हे माझ्यापेक्षा अधिक कळते. पण ते रविवार आणि बुधवार एकत्र मोजत नाहीत.

येथे तू "वरंध घाट" म्हणशील, म्हणून मीच आधी म्हणतो. पावसात घाट बंद होता, दरड कोसळल्याचे पोलिसाने सांगितले होते, तू सायकल खांद्यावर घेऊन अडथळ्यापलीकडे गेलास आणि मी भोरहून एसटीने परत आलो. तू महाडला मिसळ खाल्लीस, त्याचा फोटो मला दाखवलास, आणि पुढे दर भांडणात "काही झालं का?" हा एकच मुद्दा तू पुरवून पुरवून वापरलास. काही झाले नाही, हे मान्य आहे. तरी मी अजून म्हणतो की तू मूर्खपणा केलास. परंतु त्या वेळी पणाला लागली होती ती तुझी मान होती, आणि तुझी मान पणाला लावण्याचा अधिकार तुझा होता. मास्तर चुकले तर मास्तरांचे काही बिघडणार नाही. बिघडेल ते भाच्याचे, आणि त्याच्या शेजाऱ्यांचे, ज्यांनी मास्तरांना कधी पाहिलेही नसेल.

मी त्यांना एवढेच म्हटले की सायकल आणि बूट जंगलातून आल्यावर साबणाने धुवा आणि विक गावी दुसरे बूट घालून जा. ते हसले. त्यांच्या डोळ्यांत मी अजूनही तो परदेशी आहे, ज्याला येथे येऊन इतकी वर्षे झाली तरी कोल्सेरोला हा त्याचा डोंगर नाही. त्यांचे अगदीच चूक आहे असेही नाही. मी बाहेरचा आहे म्हणून फीत मानतो, की फीत मानण्यासारखी आहे म्हणून मानतो, हे माझे मलाच सांगता येत नाही. भाच्याला फोन करावा, असेही मनात आले. त्याचा क्रमांक आहे, लग्नात भेटलो होतो. पण मास्तरांच्या पाठीमागे त्यांच्या घरात चहाडी केल्यासारखे होईल, आणि मग बुधवारची सोबत कायमची गेली. येथे माझी सोबत एकच आहे, तुला माहीत आहे.

तुझे काय? चिन्मयचा बारावीचा अभ्यास, वहिनींच्या आईंचे, जिन्याचे गळणे, सगळे कळव. वेताळ टेकडीवर जातोस का? गुडघ्याला पट्टा न लावता चढू नकोस.

आता एकच विचारतो, आणि थट्टेवर नेऊ नकोस. त्या दिवशी वरंधच्या अडथळ्यापाशी मी तुला काय म्हटले असते तर तू थांबला असतास? धमकी चालली नसती, हे मी करून पाहिले आहे. विनंतीही चालली नाही. काही तरी असेल. ते मला पुढच्या बुधवारच्या आत कळव, फोन केलास तरी चालेल, पण आमच्या रात्री अकराच्या आत.

वहिनींना नमस्कार, चिन्मयला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश