आईच्या बचत गटाच्या ३६ नोंदी परत मिळवून देणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

गौरी-गणपतीला तू पाच दिवस गावी आली होतीस आणि त्यातली एक अख्खी संध्याकाळ आमच्या पडवीत, माझ्या लॅपटॉपसमोर काढलीस. विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी तू पुण्याची गाडी पकडलीस आणि आभार मानायचे राहून गेले. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण मी अडकले तिथे जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणारं आणखी कोणीतरी आज अडकलेलं असणार.

आईच्या गटात १२ जणी. दर महिन्याच्या सभेत प्रत्येकीची बचत, कर्जाचा हप्ता, व्याज आणि उरलेलं कर्ज अशी एक नोंद होते. जूनपासून हे सगळं मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये जात होतं. जुलैच्या पावसात कपाटात पाणी शिरलं, वहीची पानं एकमेकांना चिकटली, तेव्हा आई म्हणाली, ‘बरं झालं, तुझ्या कंप्युटरात आहे सगळं.’ आणि ऑगस्टच्या सभेनंतर मी यादी उघडली तर समोर फक्त जूनच्या १२ नोंदी. बँकेत कर्जाच्या अर्जासोबत तीन महिन्यांचा हिशोब द्यायचा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. आईला मी काही सांगितलंही नव्हतं.

तू आल्या आल्या दोन गोष्टी सांगितल्यास. पहिली, ‘सेव्ह’ला हात लावू नकोस आणि आधी फाइलची प्रत काढ. मी तेव्हा ते बटण दाबलं असतं तर त्याच १२ नोंदी फाइलच्या शेवटी पुन्हा जोडल्या जाऊन गोंधळ आणखी वाढला असता, हे मला नंतर कळलं. दुसरी, फाइलचा आकार किती आहे ते बघ. आकार जूनपेक्षा जवळपास तिप्पट होता. तू हसून म्हणालीस, ‘म्हणजे आहेत नोंदी, गेलेल्या नाहीत.’ ताई, त्या वाक्यासाठीच मी तुझी आयुष्यभर ऋणी राहीन.

मग तू माझा कॅच ब्लॉक, म्हणजे चूक आली तर काय करायचं ते लिहायची जागा, बघितलास. तो रिकामा होता. चूक येत होती आणि मीच ती गिळून टाकत होते. तिथे एक ओळ छापायला लावलीस आणि खरं कारण पडद्यावर आलं: ‘स्ट्रीमकरप्टेडएक्सेप्शन, इनव्हॅलिड टाइप कोड: एसी’. करप्टेड हा शब्द वाचून माझा धीर सुटला. मला वाटलं डिस्क गेली. तू मात्र फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइलमधला एकेक बाइट दोन चिन्हांच्या जोडीने दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडायला लावलीस.

ते दृश्य मला अजून जसंच्या तसं आठवतं. डावीकडे आकड्यांच्या जोड्या, उजवीकडे अक्षरं. फाइलच्या अगदी सुरुवातीला चार बाइट: एसी, ईडी, ००, ०५. जावाची ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे नोंदी जशाच्या तशा साठवलेली फाइल, याच चार बाइटनी सुरू होते, असं तू सांगितलंस. मग तू मला ‘एसी’ शोधायला सांगितलंस तर ढिगाने सापडले. एकेका ठिकाणी बोट ठेवून तू दाखवलंस: ई०, ए४, एसी, हे तीन बाइट म्हणजे आपलं ‘ब’ हे अक्षर. शेऱ्यांमध्ये ‘बचत’ जितक्या वेळा लिहिलेलं, तितके एसी! मी दोन वर्षं देवनागरीत टाइप करते आहे, पण अक्षर फाइलमध्ये कसं बसतं ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग आपण चारही बाइट एकत्र शोधले, तेव्हा बरोबर तीन जागा मिळाल्या. तीन सभा, तीन जागा. उजवीकडे प्रत्येक जागेपाशी माझ्या क्लासचं, म्हणजे नोंदीची रचना ठरवणाऱ्या कोडचं, नावही पुन्हा पहिल्यापासून लिहिलेलं होतं.

तू समजावलंस ते मी माझ्या शब्दांत लिहिते. दर सभेला मी फाइल जोडून लिहिण्यासाठी उघडत होते, इथवर ठीक. पण तिच्यावर दर वेळी नवा ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम, म्हणजे नोंदी फाइलमध्ये लिहिणारा जावाचा भाग, चढवत होते, आणि तो तयार होताच स्वतःचं शीर्षक, म्हणजे तेच चार बाइट, लिहून टाकतो. तीन वह्या एकत्र शिवल्या आणि नंतरच्या दोन वह्यांची मुखपृष्ठं आत तशीच राहिली, असं झालं. वाचणारा प्रोग्रॅम जूनची वही संपवून पुढची नोंद शोधतो आणि त्याच्या हाती मुखपृष्ठ लागतं. पुढे काय आहे हे सांगणारा बाइट ७० ते ७ई यांच्यामध्येच असावा लागतो. एसी त्यात बसत नाही, म्हणून तो थांबतो. काहीच खराब झालेलं नव्हतं.

प्रतीचे आपण त्या तीन जागांवर तुकडे केले. प्रत्येक तुकडा वेगळा वाचला, १२, १२ आणि १२. छत्तीसावी नोंद छापली गेली तेव्हा आत आरती सुरू झाली होती आणि मी तिथेच डोळे पुसले. तू बघितलंस, पण काही बोलली नाहीस.

पुढचा रस्ता तू साधा निवडलास. शीर्षक न लिहिणारा स्ट्रीम बनवता येतो हे सांगितलंस, पण नोंदी इतक्या थोड्या असताना सगळी यादी वाचायची, तिच्यात भर घालायची आणि पूर्ण यादी पुन्हा लिहायची, हेच बरं, असं तुझं मत. मला ते पटलं. मात्र पूर्ण यादी लिहायला फाइल उघडली की जुना मजकूर त्याच क्षणी रिकामा होतो, आणि आपल्याकडे पावसात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून आधी दुसऱ्या नावाच्या फाइलमध्ये लिहायचं, ती नीट बंद करायची, मगच नाव बदलून जुनीच्या जागी आणायची. सप्टेंबरच्या सभेत लाइट गेले, लॅपटॉपची बॅटरीही संपली, आणि जुनी फाइल जशीच्या तशी राहिली. मी मनात तुझं नाव घेतलं.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. तू गेल्यावर मी सभासदांच्या मोबाइल नंबरसाठी क्लासमध्ये एक फील्ड, म्हणजे नोंदीतला एक रकाना, वाढवलं आणि जुनी फाइल उघडेनाच. रात्री साडेदहाला फोन केला तरी तू उचललास. क्लासला मी स्वतः सिरियल व्हर्जन नंबर, म्हणजे फाइल आणि क्लास जुळतात का हे ताडायचा आकडा, दिला नव्हता, त्यामुळे जावा तो क्लासच्या रचनेवरून काढत होतं, आणि रचना बदलली की नंबर बदलत होता. चूक सांगणाऱ्या संदेशात दोन नंबर असतात, त्यातला फाइलमधला उचलून क्लासमध्ये लिही, एवढंच तू सांगितलंस. तो लांबलचक उणे आकडा मी तीनदा ताडून लिहिला. फाइल उघडली, नव्या फील्डमध्ये सगळीकडे नल, म्हणजे रिकामं, बाकी पैन् पै जागेवर.

जाता जाता तू सीएसव्हीचंही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलचंही, सांगितलं होतंस, की माझा प्रोग्रॅम नसला तरी गटातल्या कोणालाही हिशोब वाचता यायला हवा, तो त्यांचा पैसा आहे. आता प्रत्येक सभेनंतर तीही फाइल निघते आणि तिचा छापील कागद सभेच्या वहीत चिकटवला जातो. बँकेत तोच कागद दिला.

मी काय चुकले हे तू मला एकदाही ऐकवलं नाहीस. माऊस तू हातात घेतला नाहीस, प्रत्येक गोष्ट माझ्याकडून करून घेतलीस. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला मी प्रोग्रॅम चालला की फाइल बंद करून टाकत असे. परवा मैत्रिणीचा प्रोग्रॅम अडला, तेव्हा मी तिला आधी विचारलं, ‘फाइलचा आकार किती आहे?’ आणि तुझा आवाज आठवला.

आईने तुझ्यासाठी आमसुलं बरणीत भरून ठेवली आहेत. दिवाळीला येशील तेव्हा आठवणीने घेऊन जा.

तुझी,
शेजारची धाकटी