हरित रोख्यांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी सांडपाण्याच्या कामांसाठी हरित कर्जरोखे, म्हणजे फक्त पर्यावरणाच्या कामांसाठी कर्ज उभारणारे रोखे, जरूर काढावेत. मात्र रोख्यांतला रुपया न् रुपया कुठे गेला हे दाखवण्याची अट शासनाने आधीच घालावी.

1758 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सदस्यांना पंथाच्या कारभारातून दूर केले. जबाबदार गुंतवणुकीची सुरुवात तिथून सांगतात. अमुक धंद्यात पैसा नको, हे पाळले की नाही ते लगेच कळते. अमुक कामालाच पैसा लागला का, हे कळायला हिशेब लागतो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने 2017 मध्ये हरित रोख्यांसाठी माहिती उघड करण्याचे नियम केले आणि 2023 मध्ये ते कडक केले. तरी महापालिकेत खरी गडबड होऊ शकते ती बँक खात्यांत.

एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त कर्जफेडीसाठी राखून ठेवलेल्या खात्यात, मालमत्ता कर आधी वळवला की व्याज आणि मुद्दल सुरक्षित होते. त्याने गुंतवणूकदाराचे रक्षण होते, सांडपाणी जिथे जाते त्या ठाणे खाडीचे नाही. उभारलेली रक्कम सर्वसाधारण निधीत मिसळली तर ती ठेकेदारांच्या जुन्या बिलांनाही जाऊ शकते. म्हणून तिला स्वतंत्र बँक खाते हवे. निविदा लांबली आणि पैसा मुदत ठेवीत पडला, तर त्याचे व्याजही त्याच खात्यात जमा व्हावे.

इंदूरने 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे थेट जनतेला विकले, जलूदच्या 60 मेगावॉट सौर प्रकल्पासाठी. तिथे फायदा विजेच्या बिलात दिसतो. सांडपाण्याचे तसे नाही. नवी मुंबईत ऐरोली आणि कोपरखैरणे इथल्या टर्शरी प्लांटची, म्हणजे प्रक्रिया केलेले सांडपाणी कारखान्यांना वापरता येईल इतके शुद्ध करणाऱ्या केंद्रांची, क्षमता प्रत्येकी रोज 20 दशलक्ष लिटर, पण क्षमता म्हणजे काम नव्हे. मलवाहिन्यांची जोडणी अपुरी राहिली तर मैला नाल्यातून थेट खाडीत जातो आणि प्लांट अर्धा रिकामा चालतो. दररोज किती पाणी आले, किती शुद्ध झाले, कारखान्यांनी किती घेतले आणि दर दशलक्ष लिटरला किती युनिट वीज लागली, हे चार आकडे दरमहा मराठीत प्रसिद्ध व्हावेत.

ठाणे खाडी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, तेव्हा तिथले बीओडीचे (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचे) मोजमाप काम सुरू होण्यापूर्वीच घ्यावे, तेही त्रयस्थ प्रयोगशाळेकडून. आधीचे आणि नंतरचे नमुने एकाच ऋतूतले असावेत. मे महिन्यातला नमुना ऑगस्टमधल्या नमुन्याशी ताडला, तर पावसाने पातळ झालेले सांडपाणीच सुधारणा म्हणून कागदावर येईल.

आपले,
ठाणे-नवी मुंबईतील करदाते व गुंतवणूकदार