ऑपरेशन तेच, पण झालं कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हेल्थ इन्शुरन्सच्या वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, त्याचं कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे होतं. पण प्रीमियम किती यावर आपण जेवढं बोलतो त्याच्या निम्मंसुद्धा क्लेम कशावर अडतो यावर बोलत नाही. आणि सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येण्याची जी ऑपरेशन्स असतात ना, त्यात तो अडतो अशा गोष्टीवर जी टेबलावर झोपायच्या आधी कोणी विचारतच नाही: ऑपरेशन झालं कुठे. काय झालं, गरज होती का, डॉक्टर कोण, हे सगळं नंतर, आधी जागा बघणार.

आमच्या मावशीचं मोतीबिंदूचं घ्या. पॉलिसी जुनी, मोतीबिंदूला जो साधारण दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो (तोवर क्लेम मिळत नाही) तो कधीच संपलेला, डॉक्टर एमएस, तालुक्याच्या गावी त्यांचं स्वतःचं डोळ्यांचं हॉस्पिटल, खाली ओपीडी आणि वरच्या मजल्यावर एसी ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, मोतीबिंदू काढायचं फेको मशीन, ऑपरेशननंतर तास-दोन तास आडवं पडायला चार कॉट. सकाळी थेंब घालून नंबर लागला, दुपारी काळा चष्मा लावून मावशी घरी. बिलं, डिस्चार्ज समरी, लेन्सचं स्टिकर, सगळं चिकटवून फाईल पाठवली तर उत्तर काय, तर सदर संस्था पॉलिसीतल्या हॉस्पिटलच्या व्याख्येत बसत नाही, दहा इनपेशंट बेड, म्हणजे ॲडमिट पेशंटचे बेड, नाहीत. बास. एवढंच. मला सांगा मोतीबिंदूला दहा बेड लागतात कशाला, आज कोण झोपतं त्याच्यासाठी दवाखान्यात रात्रभर?

मग मी ती पॉलिसी काढून बसलो, बारीक अक्षरातली. आणि जे दिसलं ते इतरांच्या उपयोगाचं आहे म्हणून हे पत्र.

आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, हॉस्पिटल कशाला म्हणायचं ते ठरवून दिलंय आणि सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत तीच व्याख्या असते. त्यात दोन वाटा आहेत. पहिली वाट नोंदणीची: २०१० च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखाली किंवा त्या कायद्याच्या परिशिष्टात जे राज्यांचे कायदे दिलेत त्यातल्या एखाद्याखाली नोंदणी असली पाहिजे. महाराष्ट्रानं २०१० चा कायदा घेतलेला नाही, आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा चालतो आणि तो मुंबई नर्सिंग होम कायदा म्हणून त्या परिशिष्टात आहे. म्हणजे दवाखान्याच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेला नोंदणीचा सी फॉर्म असेल तर पहिल्या वाटेनं काम झालं. नोंदणी नसेल तर दुसरी वाट, तिथे मग निकष लागतात: १० लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान १० बेड, बाकी ठिकाणी १५, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, स्वतःचं सुसज्ज ऑपरेशन थिएटर, रोजचं रेकॉर्ड. आता रिजेक्शनच्या पत्रात पहिली वाट गायबच! सरळ दुसरीतलं बेडचं वाक्य उचलून चिकटवलेलं.

आणि गंमत पुढेच आहे. त्याच पॉलिसीत दोन पानं सोडून डे केअर सेंटरची वेगळी व्याख्या आहे, त्यात नर्स पाहिजे, डॉक्टर पाहिजे, स्वतःचं ओटी पाहिजे, रेकॉर्ड पाहिजे, जिथे लागू असेल तिथे नोंदणी पाहिजे, पण बेडचा आकडाच नाही. मुद्दामच नाही, कारण डे केअर म्हणजेच पूर्वी ज्याला चोवीस तासांपेक्षा जास्त ॲडमिट राहावं लागायचं पण आता मशीन सुधारल्यामुळे त्याच्या आत उरकतं ते. जनरल किंवा लोकल भुलीखाली, हॉस्पिटलमध्ये किंवा डे केअर सेंटरमध्ये. मोतीबिंदू यात बसत नाही म्हणायचं तर मग बसतं तरी काय?

कंपनीच्या ग्रिव्हन्स म्हणजे तक्रार विभागाला कलम नंबर टाकून लिहिलं, सी फॉर्मची झेरॉक्स लावली, आणि क्लेम पास झाला, म्हणजे पॉलिसीत मोतीबिंदूला जेवढं लिमिट आहे तेवढा. (हे लिमिटही बघून ठेवा, आरोग्य संजीवनी पॉलिसीत उदाहरणार्थ एका डोळ्याला सम इन्शुअर्डच्या (विम्याच्या एकूण रकमेच्या) २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यातलं जे कमी ते, लेन्स कितीची का टाकेना.) मुद्दा हा की पास होणारच होता तर आधी नाकारला कशाला. ज्यांच्या घरात पॉलिसी वाचून पत्र लिहित बसायला कोणी रिकामा नाही ते लोक ते पत्र बघून फाईल कपाटात टाकतात आणि विषय संपतो, हे कंपनीला माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही.

कंपन्यांची बाजू नाहीच असं म्हणत नाही मी. दोन खोल्यांचा दवाखाना, ॲडमिट कोणी नाही आणि बिलं मात्र चार-चार दिवसांची, असले प्रकार झालेत आणि होतात, त्यांना आळा म्हणून बेड मोजायची पद्धत पडली असणार. ठीक आहे. पण ती मोजणी रात्रभर राहणाऱ्या पेशंटसाठी आहे. जिथे पेशंट राहणारच नाही तिथे ओटी कसं आहे, निर्जंतुकीकरण कसं होतं, भूलतज्ज्ञ येतो का, काही कमीजास्त झालं तर मोठ्या हॉस्पिटलला हलवायची सोय काय, हे विचारा ना. ते कोणी विचारत नाही, कॉट मोजतात.

दुसरा घोळ ओपीडीचा. डे केअरच्या व्याख्येतच शेवटी एक शेपूट आहे की जो उपचार साधारणपणे ओपीडीत होतो तो यात धरायचा नाही. आता साधारणपणे म्हणजे कोणाच्या मते? मूतखड्याच्या ऑपरेशननंतर आत जो डीजे स्टेंट, म्हणजे लघवीच्या मार्गात बारीक नळी, ठेवतात तो काही आठवड्यांनी काढावा लागतो. दुर्बीण घालून, बधिर करायची जेली लावून, काही मिनिटांचं काम. एक डॉक्टर तो ओटीत घेऊन काढतात, केस पेपर करतात, तो झाला डे केअर. दुसरे डॉक्टर तोच स्टेंट तीच दुर्बीण घालून ओपीडीला लागून असलेल्या प्रोसिजर रूममध्ये काढतात आणि खर्चही कमी लावतात, तो झाला ओपीडी, क्लेम नाही. म्हणजे ज्यानं स्वस्तात आणि सुटसुटीत केलं त्याच्या पेशंटला भुर्दंड. (मूळ ऑपरेशनला ॲडमिट होता ना, मग डिस्चार्जनंतरच्या खर्चाची जी मुदत असते, बऱ्याच पॉलिसीत ६० दिवस, तिच्या आत स्टेंट निघाला असेल तर त्या खात्यात बिल टाकून बघता येतं, हे टीपीएवाला (कंपनीच्या वतीनं क्लेम बघणारा) आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका.)

डोळ्यात देतात त्या इंजेक्शनांचंही हेच चाललं होतं, रेटिनाच्या पेशंटना महिन्या-दोन महिन्यांनी महागडं इंजेक्शन आणि कंपन्या म्हणायच्या हे ओपीडी. शेवटी २०१९ मध्ये आयआरडीएआयला १२ आधुनिक उपचारांची यादी काढून त्यात ती घालावी लागली, तीसुद्धा लिमिट लावायची मुभा ठेवून. म्हणजे प्रत्येक वेळी एकेक उपचार भांडून यादीत घालायचा, आणि तोवर डॉक्टरी पुढे गेलेली असते.

आणि या सगळ्याचा परिणाम काय होतो तर काउंटरवर पहिला प्रश्न येतो, मेडिक्लेम आहे का? आहे म्हटलं की, मग ॲडमिट करून टाकू ना एक रात्र, क्लेमला त्रास नको. हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा पॉलिसीवाला मला दाखवा. मग रूम भाडं लागतं, नर्सिंग चार्ज लागतात, सलाईन कारण नसताना चढतं, दोन राउंडचे व्हिजिट चार्ज, आणि सोबतीला घरचं एक माणूस रात्रभर बाकड्यावर. क्लेम पास होतो पण फुगून होतो आणि पुढच्या वर्षी प्रीमियम वाढला की कंपनी म्हणते मेडिकल महागाई. अहो तुमच्याच नियमानं ढकललंय ना त्याला आत!

अमेरिकेत नेमका याच्या उलट वाद आहे, तिथे कंपन्या म्हणतात छोटं ऑपरेशन मोठ्या हॉस्पिटलमध्ये कशाला, बाहेरच्या सर्जरी सेंटरला जा, नाहीतर तिथे का करायचंय त्याचं वैद्यकीय कारण द्या, कारण सेंटरमध्ये तेच काम कमी पैशात होतं, त्यांची सरकारी मेडिकेअर योजनाही सेंटरला हॉस्पिटलपेक्षा कमी दर देते. त्यातही पेशंटची ओढाताण आहेच, हार्टचा पेशंट असला आणि आयसीयू जवळ पाहिजे असलं की कारणं देत बसा. पण निदान तिथे छोट्या जागेला जागा तरी मानतात. आपल्याकडे छोटी जागा म्हटली की आधी संशय.

जानेवारी २०२४ मध्ये विमा कंपन्यांच्या जनरल इन्शुरन्स कौन्सिलनं कॅशलेस एव्हरीव्हेअर आणलं, नेटवर्कमध्ये नसलेल्या, म्हणजे कंपनीशी करार नसलेल्या हॉस्पिटलातही कॅशलेस (बिल कंपनी थेट हॉस्पिटलला देते), ठरलेलं ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी कळवा. कागदावर छानच आहे. पण तिथेही हॉस्पिटल १५ बेडचं लागतं. म्हणजे डोळ्यांचे, कान-नाक-घशाचे, मूळव्याधीचे एकट्या डॉक्टरांचे जे दवाखाने आहेत, जिथे ही एका दिवसाची ऑपरेशन्स सगळ्यात जास्त होतात आणि जिथे आपल्यासारखे लोक जातात, तेच नेमके बाहेर. एव्हरीव्हेअर म्हणे.

मला वाटतं मागणी फार मोठी नाहीये. १ जानेवारी २०२४ पासून पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक सोप्या भाषेत द्यावं लागतं, त्यात वेटिंग पिरियड असतो, लिमिट असतं, तसंच एक ठळक वाक्य असू दे की डे केअर ऑपरेशन कुठल्या प्रकारच्या जागी चालेल आणि तिथे कुठली नोंदणी बघायची. दुसरं म्हणजे ऑपरेशनच्या आधी पॉलिसीधारकानं दवाखान्याचं नाव आणि ऑपरेशनचं नाव कळवलं की ही जागा चालेल का नाही याचं उत्तर लेखी मिळालं पाहिजे, मग क्लेम कॅशलेस असो की नंतर पैसे मागायचे असोत, आणि एकदा चालेल म्हटलं की नंतर बेड मोजायला यायचं नाही. आयआरडीएआयच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार कॅशलेसची परवानगी एका तासात द्यायची आणि डिस्चार्जची तीन तासांत, मग एवढं उत्तर द्यायला दोन दिवस पुष्कळ झाले. डॉक्टर लोकांनीही सी फॉर्म केबिनमध्ये न लावता बिलिंगच्या काउंटरवर लावावा, पेशंटला फोटो काढता येईल असा.

ज्यांच्याकडे असं पत्र आलंय त्यांनी फाईल कपाटात टाकू नका. त्याच सर्क्युलरमध्ये असंही आहे की कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, आणि नाकारताना पॉलिसीतलं कलम दाखवावं लागतं, तर कमिटीची मंजुरी झाली होती का हे लेखी विचारा. आधी कंपनीकडे तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, ऑफिस मुंबईला आहे आणि पुण्यालाही, फी नाही, वकील चालतच नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण घेतात, फक्त कंपनीनं नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत जायला हवं.

आणि संपादक साहेब, तुमच्या आरोग्याच्या पानावर दर आठवड्याला तज्ज्ञांच्या मुलाखती येतात, एकदा इन्शुरन्स कौन्सिलच्या माणसाला बोलवा आणि एवढंच विचारा की डे केअर सेंटरच्या व्याख्येत बेडचा आकडा नाही तर कॅशलेसला १५ कुठून आला.

आपला,
एक पॉलिसीधारक वाचक