पाचलचं तिकीट, उतरवलं ओणीला : भाडं परत मिळण्याबाबत आणि लेखी उत्तराबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला. आता बोलून उपयोग नाही, म्हणून लिहिते आहे.

माझ्या आईचं तुमच्या खासगी बसचं तिकीट भांडुप ते पाचल (ता. राजापूर) होतं. तुमच्या गाडीने तिला पहाटे तीनला ओणीला, पाचलकडे वळायच्या फाट्यावर, महामार्गावरच उतरवलं. क्लीनर म्हणाला, "आजी, आतले दोनच पॅसेंजर आहेत, गाडी वळवणार नाही." आई 72 वर्षांची. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून गावी चालली होती. उजाडल्यावर राजापूरहून पहिली एसटी येईपर्यंत ती बंद टपरीच्या बाकड्यावर बसून राहिली. दुसरा पॅसेंजर कॉलेजचा मुलगा होता, तो बिचारा तिला सोडून गेला नाही.

आता फोनवरचं ऐका. तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, ओणीवरून कॅब बुक करायची." तिथे कॅब मिळत नाही, मी सांगितलं. "अ‍ॅपवर चेक केलं का?" आईकडे बटणांचा साधा फोन आहे. "मग रिक्षा?" पहाटे तीनला ओणीच्या नाक्यावर रिक्षा कोण लावतं? त्यावर तो म्हणाला, "मग घरच्या कुणालातरी गाडी घेऊन बोलवायचं ना." मला क्षणभर बोलताच येईना. घरी कोण आहे? तिची सगळी मुलं मुंबईत आहेत. आमच्यासारखी घरं गावोगाव आहेत, म्हणूनच तुमचा धंदा चालतो. आणि शेवटी, "सिस्टिममध्ये ट्रिप कम्प्लीट दाखवतेय, रिफंड होणार नाही." माझी आई अंधारात रस्त्यावर बसलेली असताना तुमच्याकडे ती घरी पोचली होती!

ओणी-पाचल-अणुस्कुरा रस्ता तुमच्या ड्रायव्हरना पाठ आहे. फाट्यापासून आत काय मिळतं हेही तुम्हाला माहीत आहे. दिवसा मोजक्या एसटी, आणि सहा आसनी रिक्षा, तीही सीट भरल्याशिवाय हलत नाही. ज्याच्या दारात मोटरसायकल नाही त्याचा बँकेचा, दवाखान्याचा, बाजाराचा दिवस एसटीच्या वेळेवर ठरतो. एक फेरी रद्द झाली की म्हातारी माणसं औषध पुढच्या बाजारावर ढकलतात. अशा ठिकाणी महामार्ग सोडून आतला रस्ता हाच खरा प्रवास असतो. त्याचेच पैसे तुम्ही घेतले आणि तोच कापलात.

2021 च्या अखेरीस एसटीचा संप लांबला, तेव्हा तुमच्या गाड्या पार पाचलपर्यंत येत होत्या, खचाखच भरून. तेव्हा वळवायला डिझेल परवडत होतं. आम्ही तेव्हापासून तुमच्यावर विश्वास ठेवला, गावात चार जणांना तुमचं नाव सांगितलं. त्याची आता लाज वाटते.

तिकिटावर पाचल छापलेलं आहे. पुन्हा लिहिते, पाचल. ओणी नाही.

भाडं पूर्ण परत करा. गाडी आत जाणार नसेल तर ते पैसे घेण्याआधी सांगा, रात्री झोपेतून उठवून नाही. आणि ज्या माणसाने ट्रिप कम्प्लीट म्हटलं, त्याने आईला स्वतः फोन करून माफी मागावी.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करणार आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती मी राहते तिथूनच करता येते. 27 एप्रिल 2018 च्या शासन निर्णयाप्रमाणे खासगी गाडीला एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेता येत नाही. गणपतीतली तुमची तिकिटंही मी जपून ठेवली आहेत, ती आरटीओकडे जातील.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

एक प्रवासी, भांडुप, मुंबई
सोबत : तिकिटाची प्रत