तयार कोन नकोत, पावडर पाठवा

आई, बाबा, आजी, दादा, वहिनी, सगळ्यांना नमस्कार,

फोनवर अर्धंच बोलणं होतं म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय, आजीला मोठ्याने वाचून दाखवा. दादाचा मित्र महिनाअखेरीस इकडे येतोय आणि वहिनी त्याच्याबरोबर मेंदीच्या कोनांचा अख्खा बॉक्स पाठवणार आहे असं कळलं. वहिनी, तुझी माया कळते मला, पण कोन पाठवू नकोस प्लीज. का ते सांगते.

इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये उन्हाळा आला की दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे जत्रा असतेच, कधी पार्कात, कधी शाळेच्या मैदानावर, कधी चर्चच्या आवारात. तिथे मी या वर्षीपासून मेंदीचा स्टॉल लावतेय, एक घडीचं टेबल, दोन खुर्च्या, वर छत्री, एवढंच. बाबा, तुम्ही विचारलंत ना नोकरी असताना हे कशाला, तर नोकरी आहेच आणि ती चालूच राहणार, पण अनोळखी माणूस समोर बसून आपला हात आपल्या हातात देतो आणि उठताना चेहरा फुललेला असतो, त्यात मला जे मिळतं ते ऑफिसात नाही मिळत. पैसे म्हणाल तर जागेचं भाडं आणि इन्शुरन्स जाऊन थोडेच उरतात. हो, इथे मेंदी काढायलाही इन्शुरन्स लागतो, कुणाला काही झालं तर भरपाई द्यायला, आयोजक आधी तो कागद बघतात मग जागा देतात.

आता कोनांचं. इथे लोकांना काळ्या मेंदीची भीती बसलीये आणि ती बरोबरच आहे. समुद्रकिनाऱ्यावर, टूरिस्टांच्या बाजारात जी तासाभरात काळीकुट्ट रंगते ना, तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं केमिकल घातलेलं असतं, केसांच्या डायमधलं. डायमध्येसुद्धा ते २ टक्क्यांपर्यंतच चालतं आणि कातडीवर लावायला इथे कायद्याने बंदी आहे. त्याने फोड येतात, डाग राहतात, आणि एकदा का त्याची ॲलर्जी झाली की पुढे आयुष्यभर केसांना साधा डाय लावायची सोय राहत नाही. लहान मुलांना तर फारच त्रास होतो. खरी मेंदी काळी रंगतच नाही, आधी केशरी आणि मग एक-दोन दिवसांत चढत चढत लालसर तपकिरी होते.

वहिनी, तू म्हणशील आपले बाजारातले कोन काळे थोडेच आहेत, पण तू स्वतः विचार कर, भिजवलेली मेंदी बाहेर ठेवली तर दोन-तीन दिवसांत रंग देईनाशी होते, मग फ्रीजशिवाय सहा-सहा महिने दुकानात टांगलेला कोन रंगतो तो कशावर? पाकिटावर धड लिहिलेलंही नसतं. तुझ्या लग्नाच्या ऑर्डरींना तू कुठले वापरतेस ते तुझं तू ठरव, पण नवरीच्या हाताला लावण्याआधी एकदा बघ गं, मला खरंच काळजी वाटते.

म्हणून मी सगळं घरीच करते. १०० ग्रॅम पावडर, साधारण ३० ग्रॅम साखर, ३० मिली तेल आणि लिंबाचा रस लागेल तसा, रात्री भिजवून झाकून ठेवते, सकाळी वरचा थर तपकिरी आणि आतून हिरवं दिसलं की समजायचं रंग सुटला. मग नायलॉनच्या मोज्यातून गाळायचं, नाहीतर एक कण टोकात अडकला की समोर माणूस हात धरून बसलेला आणि कोन फुटतो. जिलेटीन पेपरचे कोन वळून भरायचे आणि फ्रीझरमध्ये, तिथे महिनोन्महिने छान राहतात, जत्रेला थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून नेते. तेल लॅव्हेंडरचं घेते. आपण घालतो ते निलगिरी लहान मुलांना नको, आणि लवंगेचं तेलही नको, कातडी जळजळते (तव्यावरच्या लवंगांची धुरी वेगळी, ती चालते). अगदी लहान बाळांना तर मी लावतच नाही, आई-वडील कितीही मागे लागले तरी. काही मुलांना जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी मेंदीने फुटू शकतात, आणि बघून कळत नाही कुणाला आहे ते.

आजी, आता तुझ्यासाठी. जत्रेत लोकांना पाच मिनिटांत उठायचं असतं, मागे लाईन असते, आणि मी अजून शिकतेच आहे, भरगच्च कोपरापर्यंतची मेंदी मला तिथे जमणारही नाही. म्हणून मी तुझी नागपंचमीची मेंदी ठेवलीये, तळहातावर मधोमध गोल, भोवती ठिपके आणि बोटांची टोकं भरलेली. तू पाट्यावर पाला वाटून त्यात कात घालायचीस आणि काडीने लावायचीस, मी कोनाने काढते, बाकी तेच. सगळ्यात जास्त हीच मागतात! आणि रंगतेही हीच सगळ्यात गडद, कारण तळहाताची कातडी जाड. काहींना मात्र दंडावर, खांद्यावर, घोट्यावर हवी असते, काढून देते, पण तिथे रंग फिकाच येतो ते आधीच सांगते. कोन कातडीला टेकवायचा नाही, जरा वर धरून धागा सोडल्यासारखी रेघ खाली सोडायची, हे वहिनीनेच शिकवलेलं, आता कुठे हातात बसतंय.

परवा एक गुजराती बा, म्हणजे आजी, आल्या, १९७२ ला इदी अमीनने युगांडातून हाकललं तेव्हा आलेल्यांपैकी, अशी खूप कुटुंबं आहेत इथे. त्यांनी बसायच्या आधी कोन नाकाशी नेला, वास घेतला, आणि मग काही न बोलता दोन्ही हात पुढे केले. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

प्रत्येकाला जाताना चिठ्ठी देते, पाच-सहा तास ठेवा, पाण्याने धुवू नका, खरवडून काढा, खोबरेल तेल लावा, आणि केशरी दिसली तर घाबरू नका, उद्या बघा. हे शेवटचं नाही सांगितलं तर लोक घरी जाऊन समजतात की रंगलीच नाही.

तर पाठवायचं हे. सोजतची पावडर, राजस्थानातली, २०२१ ला जीआय टॅग मिळालाय तिला, म्हणजे ती खास तिथलीच अशी सरकारी ओळख. बाबा मसाले घ्यायला मस्जिद बंदरला जातील तेव्हा काष्ठौषधीच्या दुकानात विचारा, पण हाताची, कापडातून बारीक चाळलेली हवी, केसांची नको, ती जाडी असते आणि तिच्यात बऱ्याचदा आवळा-शिकेकाई मिसळलेली असते. नव्या हंगामाची असली तर उत्तम. दोन किलो पुरे, आणि जिलेटीन पेपर क्रॉफर्ड मार्केटमधून, इथे तो फार महाग पडतो. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी व्हिक्टोरिया पार्कात कॅरिबियन कार्निव्हल आहे, दिवाळीआधी बेलग्रेव्ह रोडवर दिवे लागतात तेव्हा तर तुफान गर्दी, तिथे स्टॉल मिळावा म्हणून आत्तापासून विचारून ठेवतेय.

आई, चकली नको पाठवू, वजन होईल. वहिनी, मंगळागौरीच्या ऑर्डरी सुरू झाल्या की बोटांवरच्या बारीक डिझाईनचे फोटो टाक, आणि एकदा व्हिडिओ कॉलवर पाकळी कशी भरतेस ते हळू दाखव.

तुमची,
मनू