घरोघर फिरणारी फळी

निशी-कासाई, एदोगावा, तोक्यो
२० ऑगस्ट

ति. काका आणि काकू यांस,
सा. न. वि. वि.

काका, तुम्ही पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी कळवता, तशी या वेळी इथली खबर सविस्तर लिहितो. तुमच्या मंडळाच्या उपयोगाचं यात बरंच आहे.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी एदोगावा नदीकाठची आतषबाजी होते. सुरुवातीलाच पाच सेकंदांत हजार बार उडतात आणि पलीकडच्या काठावर इचिकावा शहराची आतषबाजीही त्याच वेळी चालते. ती उरकली की सगळ्या वस्तीला १ सप्टेंबरचे वेध लागतात. १९२३ साली याच तारखेला सकाळी ११:५८ ला तोक्यो-योकोहामाचा मोठा भूकंप झाला. दुपारच्या जेवणासाठी चुली पेटलेल्या होत्या, त्यामुळे घरं पडून गेली त्यांच्यापेक्षा आगीत गेलेली माणसं कितीतरी जास्त. १९६० पासून हा दिवस देशभर आपत्ती निवारण दिन म्हणून पाळतात. त्याच्या मागेपुढे एखाद्या रविवारी शाळेच्या मैदानावर वस्तीचा सराव असतो.

सरावाची खबर घरोघर पोचते ती 'काइरानबान'वरून. ही एक साधी चिमटा लावलेली फळी. तिच्यावर आमच्या एदोगावा वॉर्डाचं पत्रक, पोलिसांच्या सूचना, रद्दी उचलण्याचे दिवस, सरावाची वेळ, आणि सर्वांत वर घरांची यादी. वाचायचं, आपल्या नावापुढे शिक्का किंवा सही करायची आणि शेजारच्या दारात द्यायची. शेवटचं घर ती गटप्रमुखाकडे परत पोचवतं. अडते ती एकाच कारणाने: कुणी गावाला गेलेलं असतं आणि फळी त्या बंद दारात पडून राहते. म्हणून सहीजवळ तारीख घालायची, गावाला जाणाऱ्याने शेजाऱ्याला आधी सांगायचं, आणि तातडीची सूचना असेल तर यादीच्या दोन्ही टोकांकडून दोन फळ्या सोडायच्या. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश कुणी वाचला, कुणी नुसता पुढे ढकलला हे कळत नाही. फळीवर कोरी जागा दिसली की त्या घराची चौकशी होते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी तर ही फळी म्हणजे चार दिवसांतून एकदा दार वाजण्याची हमी आहे.

सरावात पहिला मान आग विझवण्याला. शिकण्यासाठी अग्निशामकात पावडरीऐवजी पाणी भरलेलं असतं. आधी पिन ओढायची, मग नळीचं तोंड आगीच्या बुडाकडे धरायचं, मग दांडी दाबायची आणि झाडू मारल्यासारखं आडवं फिरवायचं. बहुतेक लोक ज्वाळेच्या शेंड्यावर मारतात आणि सगळं वाया जातं, कारण घरगुती पावडरीचा मारा जेमतेम पंधरा सेकंद टिकतो. ज्वाळा छताला लागल्या तर विझवायच्या नादी लागायचं नाही, बाहेर पडायचं. पाठीमागे दार मोकळं ठेवूनच उभं राहायचं, हे तर प्रत्येकाकडून करून घेतात. धुराचा तंबूही असतो: वाकून, एक हात भिंतीला लावून बाहेर यायचं.

घर सोडताना विजेचा मुख्य खटका पाडायचा, यावर फार भर असतो. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात बंद पडलेली वीज परत आली आणि पडलेल्या शेगड्या, तुटलेल्या वायरी यांतून नव्या आगी लागल्या.

तुम्हाला सर्वांत जवळचा वाटेल तो भाग पुराचा. एदोगावा वॉर्डाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या समुद्रपातळीपेक्षा खाली आहे. कारखान्यांनी वर्षानुवर्षं जमिनीतलं पाणी उपसलं आणि जमीन खचली. एकीकडे आराकावा नदी, दुसरीकडे एदोगावा नदी, दक्षिणेला समुद्र. बांध फुटला तर पाणी उताराने जाणार कुठे? ते पंपांनीच उपसावं लागतं, म्हणून काही भागांत पाणी एक-दोन आठवडे राहू शकतं. २०१९ साली वॉर्डाने घरोघर दिलेल्या पूरनकाशाच्या मुखपृष्ठावर चक्क लिहिलं होतं: 'इथे थांबायचं नाही.' पुष्कळांना ते झोंबलं. मला ते योग्यच वाटतं. पाणी येण्याआधी वॉर्डाबाहेर नातेवाइकांकडे निघून जायचं, हा त्या नकाशाचा मूळ सल्ला आहे.

त्यातली अडचण त्याच वर्षी १२ ऑक्टोबरच्या वादळात उघड झाली. रेल्वेगाड्या आधीच बंद ठेवायच्या ठरल्या होत्या, मग लाखो माणसं बाहेर जाणार कशी? सुमारे ३५ हजार लोक वॉर्डातल्याच निवाऱ्यांत गेले. तेव्हापासून सांगणं असं की गाड्या चालू आहेत तोवर निघा, आणि कुणाकडे जायचं ते आजच ठरवा. आपल्याकडे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला उलटलेली बोट आठवली की मला वाटतं, म्हातारी आणि आजारी माणसं ४० फुटांच्याही आधी हलवायला हवीत. इथे ज्यांना एकट्याने निघता येत नाही त्यांची यादी ठेवणं २०१३ पासून कायद्याने वॉर्डांवर बंधनकारक आहे, आणि त्या माणसाच्या संमतीने ती वस्तीच्या मंडळालाही मिळते. तुमच्या मंडळाकडे वर्गणीची यादी आहेच. तिच्यात तीन रकाने वाढवा: तळमजल्यावर कोण राहतं, कुणाला उचलून न्यावं लागेल, आणि त्यांना कोण नेणार.

साठ्याचं गणित: माणशी रोज तीन लिटर पाणी, किमान तीन दिवसांचं, जमल्यास सात. शौचालयाचा विचार मात्र कुणी करत नाही. माणशी दिवसाला पाच वेळा धरलं तर चौघांना आठवड्याला शौचाच्या १४० पिशव्या लागतात. भूकंपानंतर उंच इमारतीत सांडपाण्याचे नळ तपासल्याशिवाय वरच्यांनी पाणी सोडायचं नाही, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या घरात सगळं उफाळून येतं. खाण्यासाठी शिजवून वाळवलेला भात मिळतो. गरम पाण्यात पंधरा मिनिटं, गार पाण्यात तासाभरात तयार. काकूंसाठी सांगतो, शाकाहारी माणसाने साधा पांढरा भातच घ्यावा, मिश्र भातात बहुधा मासळीचा अर्क असतो.

आता एक काम तुमच्याकडे. भूकंपानंतर इथे फोन लागत नाहीत. तेव्हा १७१ या क्रमांकावर तीस सेकंदांचा निरोप ठेवता येतो: ठेवायला १, ऐकायला २. याचंच इंटरनेटवरचं रूप 'वेब १७१' भारतातूनही उघडतं. त्यात माझा इथला मोबाइल नंबर सुरुवातीच्या शून्यासकट टाकायचा; देशाचा ८१ आकडा लावलात तर निरोप सापडणार नाही. सराव दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला करता येतो. १ सप्टेंबरला इथल्या ११:५८ ला, म्हणजे तुमच्या सकाळी ८:२८ ला, मी निरोप ठेवीन. सरावाचा निरोप सहा तासांत पुसला जातो, तेव्हा दुपारी दोनच्या आत बघा आणि दिसला की नाही ते त्याच दिवशी कळवा.

ऑक्टोबरात याल तेव्हा शिनोझाकी उद्यानात वॉर्डवासीयांचा मेळा असेल. ग्योसेन उद्यानातलं छोटं प्राणिसंग्रहालय फुकट आहे, पण सोमवारी बंद असतं. येताना मंडळाच्या यादीची एक कोरी प्रत घेऊन या, रकाने आपण इथेच आखू.

तुमचा पुतण्या